चाळीस किलोमीटरचं आवतण

अमृतनं नकाशावर ते वर्तुळ काढलं तेव्हा त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. उलट चार पैसे वाचवायचाच विचार होता. पण (पुढे जे झालं ते पाहता) त्या दुपारी त्यानं मोबाईल फळीवर ठेवून जनावरांना वैरण घातली असती, तर फार बरं झालं असतं.

आधी अमृत कोण ते सांगायला हवं. पारनेरपासून सात-आठ किलोमीटरवर त्याचं गाव, वय एकोणचाळीस. नागापूरच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो चौदा वर्षं स्टोअरकीपर होता. खिळ्यांचा पुडा आणायचा असला तरी तीन दुकानांचे दर घ्यायचे, कागदावर मांडायचे आणि सगळ्यात स्वस्त असेल ते उचलायचं, ही त्याची रीत. लग्नाच्या वेळीसुद्धा ह्यांनी बरोबर तीनच मुली पाहिल्या होत्या, असं त्याची बायको निकिता चारचौघांत सांगायची. (पुढचा भाग ती सांगत नसे.)

'स्टोअरकीपर होता' म्हटलं, कारण महिन्यापूर्वी त्यानं नोकरी सोडली होती. तीन एकरांत हुरड्याची गुळभेंडी ज्वारी आधीच पेरलेली होती. आता लिंबाखाली बाजा टाकायच्या, गोवऱ्यांची आगटी पेटवायची आणि पुण्याच्या लोकांना डोई सहाशे रुपयांत गरम हुरडा खाऊ घालायचा, असा बेत होता. बेतात काही खोट नव्हती. फक्त नोकरी सोडल्याचं वडिलांना सांगायचं राहून गेलं होतं. "रजा शिल्लक हुती, ती घेतली," एवढंच त्यानं छगनआबांना सांगितलं होतं. आबा रोज सकाळी चहा पिताना विचारायचे, "रजा किती राहिली रं?" आणि अमृत रोज सकाळी नवा आकडा सांगायचा.

दोर अगदीच तुटलेला नव्हता. कारखान्यातले त्याचे साहेब, शामकांत, भला माणूस. त्यांनी राजीनामा ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. "मी हा पुढे पाठवत नाही. जानेवारीचा दुसरा रविवार होऊ दे. जमलं तर ठीक, नाहीतर सोमवारी गुपचूप कामावर ये. कुणाला कळणार नाही."

निकितानंही आपली बाजू स्पष्ट केली होती. "धंदा चालला तर आबांना तुम्ही सांगा. नाही चालला तरी तुम्हीच सांगा. मी त्या दिवशी माहेरी असेन."

आता हुरड्याची गोष्ट अशी, की तो कुणासाठी थांबत नाही. कणसात दाणा दुधाळ चिकातून हुरड्यात येतो, आठ-दहा दिवस गोड लागतो आणि मग कडक होऊन त्याची साधी ज्वारी होते. आबा रोज संध्याकाळी रानात जाऊन एक कणीस तळहातावर चोळत, दोन दाणे दाताखाली धरत आणि जाहीर करत, "ऐतवारपातुर हाय. मग दळून भाकरीच करायच्या." त्यातून विहिरीकडची एक एकर त्यांनी अमृतचं न ऐकता पंधरा दिवस उशिरा पेरली होती. ती तर अजून चिकातही आली नव्हती. म्हणजे हाताशी दोनच एकर आणि एकच रविवार. आणि आतापर्यंत पुण्याहून आलेली गिऱ्हाइकं किती, तर शून्य.

तेव्हा अमृतनं इंटरनेटवर जाहिरात द्यायचं ठरवलं. त्यासाठी नव्व्याण्णव रुपये भरून ऑनलाईन शिकवणी घेतली. शिकवणाऱ्यानं सांगितलं, की जाहिरात दिसली त्याचे पैसे नाहीत, कुणी तिच्यावर बोट लावलं की पैसे कापले जातात. त्याच्या तीन पद्धती. पहिली, माणूस काही शोधतो तेव्हा सगळ्यात वर आपलं नाव दाखवायचं. दुसरी, माणूस बातम्या नाहीतर क्रिकेटचा स्कोअर बघत असताना मध्येच आपलं चित्र दाखवायचं. तिसरी, एकदा आपल्याकडे डोकावून गेलेल्या माणसाच्या मागे मागे फिरायचं.

तीन पद्धती म्हटल्यावर अमृतला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यानं जुन्या स्टोअरच्या कागदावर रकाने आखले : पद्धत, दर, शेरा. आबा शेजारी बसून बघत होते.

"बोट लावायचं पैसं?" आबांनी विचारलं.

"व्हय."

"आन मानूस आला न्हाई तरी?"

"तरी जात्यात."

आबा कागदावर वाकून म्हणाले, "मी चाळीस वर्सं बाजारात वांगी इकली. लोकं धा-धा वांगी दाबून बघायची. न्हाई घेतली तर गुमान जायची. पर दाबल्याचं पैसं मी कुनाला दिलं न्हाईत." मग उठता उठता त्यांनी सल्ला दिला, "तू तरी बोट लावू नगंस त्याला."

अमृत हसला. एवढं न कळायला तो काय खुळा होता?

दर पाहिले तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. पुण्याच्या माणसाला पहिल्या पद्धतीनं गाठायचं, तर एका बोटाला अडतीस रुपये. अडतीस! अडतीस रुपयांत मूठभर नट येतात, वायसरसकट. दुसरी पद्धत, म्हणजे चित्राची, पुण्यात अकरा रुपये. तिसरी बाद, कारण अजून कुणी डोकावलंच नव्हतं. मग त्यानं सहज नकाशावर गावाभोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ काढून पाहिलं आणि दर आला चार रुपये. चौदा वर्षांचा हात तो, चार रुपये दिसल्यावर थांबणार कसा? शेऱ्याच्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'सर्वात स्वस्त. मंजूर.' लांबच्या माणसापेक्षा जवळचा माणूस लवकर येतो, असंही त्यानं स्वतःला पटवलं.

(ह्या वर्तुळात त्याचं गाव, बायकोचं माहेर, आईचं माहेर, आत्याचं सासर आणि नागापूरची अख्खी एमआयडीसी आहे, हे त्याला दिसलं होतं. त्याचा अर्थ तेवढा दिसला नाही.)

चित्रात काय टाकायचं? शिकवणारा म्हणाला होता, की गिऱ्हाइकाशी घरच्यासारखं बोला. म्हणून अमृतनं जोंधळ्यात उभं राहून, टोपी घालून, हात जोडून फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'गरमागरम हुरडा खायला या! येत्या रविवारी. आग्रहाचं आमंत्रण. वाट बघतो. आपला, अमृत.' सहाशे रुपयांचा दर आत, बोट लावल्यावर उघडणाऱ्या पानावर, तोही खालच्या बाजूला. दर आधी सांगितला की माणूस बिचकतो, हेही शिकवणीतलंच.

बुधवारी सकाळी जाहिरात सुरू झाली. दुपारपर्यंत एकशे सात बोटं लागली होती.

अमृतनं मोबाईल निकिताच्या डोळ्यांपुढे धरला. "एकशे सात!"

"फोन किती आले?"

"येतील की. आत्ता तर बघताहेत."

गुरुवारी दिवसाची पाचशेची मर्यादा दुपारीच संपली. शुक्रवारी दहा वाजताच संपली. शनिवारपर्यंत चारशे ऐंशी बोटं झाली आणि फोन एकाचाही नाही. अमृतनं दोनदा स्वतःलाच फोन करून नंबर चालू आहे ना ते पाहिलं. त्याला जेवण जाईना. ताटावर बसल्या बसल्या तो मोबाईल उघडून आकडा बघायचा आणि आकडा वाढला की आधी आनंद व्हायचा, मग चार रुपये आठवायचे.

"चारशे ऐंशी माणसं बघतात आणि एकही विचारत नाही, की किती वाजता यायचं, लहान मुलांना दर काय?" निकिता म्हणाली. "कोण आहेत हो ही माणसं?"

"जवळचीच हायती," अमृत म्हणाला. त्याला वाटलं त्यापेक्षा ते फारच खरं होतं.

रविवारी तो पहाटेच उठला. बाजा टाकल्या, आगटी पेटवली. गोजरबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, लसणाची आणि शेंगदाण्याची चटणी पाट्यावर वाटली, दही लावलं, गूळ फोडला. निकितानं सुबक अक्षरांत पाटी रंगवली होती, 'हुरडा पार्टी. प्रति व्यक्ती रु. ६००.' ती तिनं बांधाच्या वाटेवर उभी केली आणि स्वतः पावतीपुस्तक घेऊन खुर्चीवर बसली.

साडेआठला पहिली जीप आली. अमृत हात जोडून पुढे धावला. जीपमधून उतरला त्याचा मामा, हनुमंत. मागून मामी, दोन मामेभाऊ, त्यांच्या बायका आणि पाच पोरं.

"शाब्बास रं भाच्या!" मामानं त्याच्या पाठीत थाप मारली. "काय झ्याक आवतान धाडलंस! मी क्रिकेट बघतोय, तर मधीच तू हात जोडून हुबा. मी हिला म्हनलं, अगं, अमृत बलिवतोय. दर दोन षटकांनी बलिवतोय. जायाला पायजे."

अमृतच्या कपाळावर जानेवारीतल्या थंडीत घाम आला. आपल्याकडे हुरडा कुणी विकत खात नाही. ज्याच्या रानात आहे तो बोलावतो आणि बोलावलं की जायचं असतं, न गेलं तर राग येतो. हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असलेली गोष्ट वेळेवर आठवायला हवी ना.

"मामा," त्यानं चाचरत विचारलं, "आत... आत दर लिवला हुता, त्यो वाचला का?"

"वाचला की. सहाशे. ब्येस केलंस. पुन्याच्या लोकांकडनं घ्यायलाच पायजेत," असं म्हणून मामा बाजेवर ऐसपैस बसला.

मग रीघच लागली. निकिताच्या माहेरचे सतरा जण आले. (निकितानं स्वतःच्या वडिलांकडे पाहिलं, पावतीपुस्तकाकडे पाहिलं आणि ते पदराखाली घेतलं.) गावातले तर चालतच आले, घरचीच ज्वारी हुरड्यात असताना आले, कारण एवढ्या अगत्यानं बोलावलेलं. अमृतबरोबर शाळेत असलेले चौघे आले. त्यांतल्या एकाचं नाव त्याला शेवटपर्यंत आठवलं नाही.

दहाच्या सुमारास एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून काठी टेकत चांगुणाआत्या उतरली. ती दिसताच आगटीजवळ बसलेले आबा उभेच राहिले.

चांगुणाआत्या ही आबांची थोरली बहीण. अमृतच्या लग्नाची पत्रिका हातात न देता शेजारणीकडे ठेवून आले म्हणून ती रुसली होती. लग्नाला आली नव्हती आणि त्यानंतर तेरा वर्षं तिनं भावाच्या घराची पायरी चढली नव्हती. आबाही हटून बसले होते. दोघांनाही एकमेकांची आठवण यायची आणि दोघंही ते तिसऱ्याला सांगायची.

"छगन्या," आत्या म्हणाली. "तुला बहिनीची याद न्हाई आली. पर तुझ्या लेकाला आली. शेजारनीकडं न्हाई, थेट माझ्या मोबाईलात आला. हात जोडून. रोज येतोय चार दिस, आत्या ये म्हनून. मग म्हनलं, आता रुसून किती बसू?"

आबा पुढे झाले. बहिणीच्या पाया पडले आणि उपरण्यानं डोळे पुसले. गोजरबाई तर मोकळेपणानं रडायलाच लागल्या. अमृत आत्याला बाज दाखवायला वळला. त्याच वेळी वाटेवरची पाटी आत्याच्या ऐन नजरेसमोर आहे हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं झेप घेऊन ती उपटली आणि बाजेवर पालथी टाकली. मामीनं लगेच तिच्यावर चटणीची भांडी मांडली.

"निकिता," आबा मागे वळून म्हणाले, "आक्काला साडी आन. चांगली."

म्हणजे जाहिरातीच्या खर्चात साडी आली.

बारापर्यंत दीडशे माणसं झाली होती. अमृत आगटीतून कणसं काढत होता, चोळणाऱ्यांना देत होता, हसत होता आणि मनात हिशोब घालत होता, की दीडशे गुणिले शून्य किती होतात. तरी एक आधार होता. उद्या सोमवार. राजीनामा ड्रॉवरमध्ये. डबा घेऊन निघायचं, रजा संपली म्हणायचं. आबांना कळायचं कारण नाही. तो विचार आला की त्याला जरा श्वास घेता यायचा.

नेमका तेव्हा कारखान्याचा टेम्पो आला. आत बावीस माणसं आणि पुढच्या सीटवर शामकांत साहेब.

"अमृत, कमाल केलीस!" साहेब उतरता उतरताच ओरडले. "पोरं म्हणाली, तू सगळ्यांना बोलावलंयस. म्हटलं जायलाच हवं." त्यांनी रानभर पसरलेली माणसं पाहिली, आगटीचा धूर पाहिला आणि ते भारावून गेले. मग आबांकडे वळून हात जोडून म्हणाले, "तुम्ही ह्याचे वडील ना? खरं सांगतो, ह्यानं नोकरी सोडली तेव्हा मला वाटलं होतं, पोरगा चुकला. पण आज ही गर्दी बघितली आणि मी माझा शब्द मागे घेतो."

आबांच्या हातात कणीस होतं. ते चोळायचे थांबले.

"कवा सोडली?" त्यांनी अमृतला विचारलं.

"महिना झाला," अमृत जमिनीला म्हणाला.

आबांनी उरलेले दाणे चोळले, फुंकर मारून कोंडा उडवला, दाणे साहेबांच्या हातावर ठेवले आणि विहिरीकडे चालू लागले. अमृतला वाटलं, आबा ओरडले असते तर बरं झालं असतं.

साहेबांनी अमृतला बाजूला घेतलं. "काही काळजी करू नकोस. वडिलांचा राग जाईल. आणि माझी एक चूक मी आत्ताच दुरुस्त केलीय. तुझा राजीनामा अडवून ठेवणं बरोबर नव्हतं. रविवार असला तरी इथूनच मालकांना फोन करून सांगून टाकलं. मंजूरसुद्धा झाला. अशा माणसाला आपण अडवायचं नाही." त्यांनी त्याचा हात दाबला. "चटणी कुणी केलीय? फर्मास."

संध्याकाळी सगळे तृप्त होऊन गेले. दोन एकर रानात उभी राहिली ती नुसती ताटं. बाजेवर अकरा टॉवेल, सात टोप्या आणि नारळांची रास पडली होती, कारण हुरड्याला रिकाम्या हातानं कोण येतं? आबा जेवून निजले.

सोमवारी सकाळी चहा आला. आबांनी रजेचं विचारलं नाही. अमृतला ते विचारण्यापेक्षा जड गेलं. शेवटी तोच म्हणाला, "आबा, चुकलं माझं."

"चुकलंच," आबा म्हणाले. "बापाला सांगायचं असतं." मग बशीतला चहा फुंकत म्हणाले, "इहिरीकडची एकर आठ दिसांत हुरड्यात येईल. म्हनून तर मागनं पेरली. समदं एकदम पेरून चालतंय व्हय? कर आता नीट."

अमृतला रडू आलं, पण चहाचं निमित्त करून त्यानं ते गिळलं. लगेच कागद काढला. चित्राची पद्धत बंद. आता पहिली पद्धत : माणूस हुरडा शोधील तेव्हा सगळ्यात वर आपलं नाव. दर अडतीस. शेरा, 'महाग. पण मंजूर.' वर्तुळ मात्र त्यानं एवढं मोठं काढलं, की पुणंही आत आलं आणि घरही. (गाव बाहेर ठेवायला त्याचं मन झालं नाही.)

दहा वाजता फोन वाजला. पुण्याचा! अमृतनं पहिल्याच रिंगला उचलला.

"आम्ही पस्तीस जण आहोत," पलीकडून बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे एक रुपयाही घेत नाहीत ना? सत्तेचाळीस लोकांनी तसं लिहिलंय."

"कुठं लिहिलंय?"

लिहिलं होतं. पाहुण्यांच्या मोबाईलनं घरी गेल्यावर त्यांना विचारलं होतं, की ही जागा कशी वाटली. आणि सगळ्यांनी पाच पाच तारे देऊन मनापासून सांगितलं होतं. मामानं लिहिलं होतं, 'पोटभर हुरडा. पैसे काढले तर राग येईल असा माणूस.' शामकांत साहेबांनी लिहिलं होतं, 'संपूर्ण विनामूल्य. देवमाणूस.'

निकितानं त्याच्या हातातून फोन घेतला. "बाई, फुकट फक्त नातेवाइकांना. तुमचं आडनाव काय म्हणालात? ... नाही, त्या आडनावाचं आमच्यात कुणी नाही. सहाशे रुपये." पलीकडून फोन बंद झाला.

"सगळ्यात वरचं वाचलंत का?" मग ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "आबांचं आहे. पहाटे मोबाईलपुढे मोठमोठ्यानं बोलत होते, मला वाटलं कुणाला फोन करताहेत."

अमृतनं घाईघाईनं आपल्या जागेचं नाव शोधलं, समोर आलं त्याच्यावर बोट लावलं आणि खाली सरकत सरकत वाचायला लागला. बोललेलं सगळं जसंच्या तसं उतरलं होतं. 'अमृत माझा पोरगा हाय. नोकरी सोडली. बापाला सांगितलं न्हाई. पर तेरा वर्सांनी माझी बहीन घरी आनली. आल्या मानसाकडनं एक रुपया घेतला न्हाई. असा लेक पायजे. गोजरे चहा ठिव. हे बंद कसं करायचं.' पाच तारे.

अमृतनं ते तीनदा वाचलं. डोळे पुसले. ह्यापुढे त्याच्या रानात कुणी पैसे देऊन हुरडा खाईल असं दिसत नव्हतं, आणि तरी त्याला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. सवयीनं त्यानं जाहिरातीचा आकडा उघडला आणि तो बसल्या जागी उडाला.

"आलं! निकिता, आलं! एक बोट लागलं! आत्ताच, दोन मिनिटांपूर्वी! अडतीस रुपये गेले, पण खरं गिऱ्हाईक आलं!"

निकितानं आकडा पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. "आबांचं वाचायला तुम्ही कशावर बोट लावलंत?"

"सगळ्यात वर आपलं नाव दिसलं, त्याच्यावर."

निकितानं मोबाईल त्याला परत दिला. आबांनी दुसऱ्या चहाची बशी खाली ठेवली.

"पयल्याच दिशी सांगितलं हुतं," ते म्हणाले, "तू तरी बोट लावू नगंस."